ऑट्सेगोच्या मतपेट्या: न्यूयॉर्कची 1792 ची गव्हर्नर निवडणूक

प्रकरण थोडक्यात

एप्रिल 1792 मध्ये न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नरपदासाठी मतदान झालं. जाहीर निकालानुसार जॉर्ज क्लिंटन यांना 8,440 आणि जॉन जे यांना 8,332 मतं मिळाली. क्लिंटन 108 मतांनी निवडून आले. पण या आकड्यांत राज्याच्या तीन काउंट्यांची मतं धरलेलीच नाहीत. ती मोजलीही गेली नाहीत. ती कोणी आणली आणि आणणाऱ्याला तसा अधिकार होता का, या वादात ती बाद झाली आणि नंतर जाळून टाकण्यात आली.

हे प्रकरण मला पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं, कारण मतपेटी पळवल्याचा किंवा खोटी मतं घुसडल्याचा उघड प्रकार यात कुठेच नाही. कायद्याची कलमं समोर ठेवून, लेखी कारणं देऊन, एका अख्ख्या भागाचं मत रद्द केलं गेलं. राजकारणातल्या मोठ्या माणसांची नावं इथे दिली आहेत. ज्या किरकोळ अधिकाऱ्यांच्या हातून पेट्यांची हेळसांड झाली त्यांची दिलेली नाहीत. त्यांचं पद सांगितलं की प्रकरण समजतं.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक खुलासा. तिथला गव्हर्नर हा केंद्राने नेमलेला राज्यपाल नव्हे. तो मतदारांनी तीन वर्षांसाठी थेट निवडलेला राज्याचा प्रमुख होता. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि शेरीफ हा तिथला कायदा-सुव्यवस्थेचा आणि निवडणुकीच्या कामाचाही अधिकारी.

पार्श्वभूमी

जॉर्ज क्लिंटन 1777 पासून, म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध चालू असल्यापासून, गव्हर्नर होते. लहान शेतकरी आणि मध्यम स्थितीतली माणसं हा त्यांचा आधार. 1788 मध्ये नव्या संघराज्याच्या घटनेला त्यांनी विरोध केला, तरी राज्यात त्यांचं वजन कमी झालं नाही. पण 1789 च्या निवडणुकीत रॉबर्ट येट्स यांच्याविरुद्ध ते जेमतेम 429 मतांनी वाचले. बारा वर्षं सत्तेत असलेल्या माणसाला हरवता येतं, हे तेव्हाच विरोधकांच्या लक्षात आलं.

1791 मध्ये राज्य सरकारने उत्तरेकडची 36 लाख एकरांहून जास्त जमीन अलेक्झांडर मॅकोम्ब या सट्टेबाजाला एकरी 8 पेन्स या दराने विकली. एवढी जमीन एका माणसाला, तीही कवडीमोल भावात, यावरून गदारोळ झाला. क्लिंटन यांनी त्यात स्वतःचं काही साधलं असं सिद्ध झालं नाही, पण प्रचारात हा मुद्दा भरपूर चालला.

समोर जॉन जे होते. न्यूयॉर्कच्या 1777 च्या राज्यघटनेचा मसुदा बहुतांशी त्यांच्याच हातचा. 1783 च्या पॅरिस तहाच्या वाटाघाटींत ते होते, आणि 1789 पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश. पदावर असतानाच ते उमेदवार झाले आणि त्यांनी राजीनामा दिला नाही. आज हे आपल्याला विचित्र वाटेल, त्या काळी फारसं कोणाला खटकलं नाही. मजबूत केंद्र सरकार हवं असणाऱ्या फेडरलिस्ट गटाने त्यांना उभं केलं होतं आणि केंद्राचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन त्यांच्या पाठीशी होते. क्लिंटन यांच्या बाजूला आता लिव्हिंग्स्टन घराणंही आलं होतं. राज्याचे चान्सलर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीश, रॉबर्ट लिव्हिंग्स्टन नव्या केंद्र सरकारात मनासारखं पद न मिळाल्याने फेडरलिस्टांपासून दुरावले होते.

जॉन जे यांच्याविरुद्ध आणखी एक गोष्ट वापरली गेली. गुलामांची मुक्तता व्हावी म्हणून काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. 1790 च्या जनगणनेत राज्यात एकवीस हजारांहून जास्त गुलाम होते आणि हडसन खोऱ्यातल्या बऱ्याच डच शेतकऱ्यांकडे गुलाम असत. हा माणूस निवडून आला तर तुमचे गुलाम काढून घेईल, असा प्रचार तिथे झाला. जॉन जे यांनी आपलं मत लपवलं नाही. मुक्तता टप्प्याटप्प्याने व्हावी, असं त्यांनी प्रचार चालू असतानाच पत्रातून कळवलं. त्यांच्या स्वतःच्या घरी तेव्हा गुलाम होते, हेही इथे नोंदवायला हवं.

कायदा काय म्हणत होता

वादाचं मूळ निवडणुकीच्या कायद्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गव्हर्नरसाठी मत देण्याचा हक्क किमान 100 पौंड किमतीची, कर्जमुक्त जमीन स्वतःच्या मालकीची असणाऱ्यांनाच होता. राज्याची लोकसंख्या 3,40,000 च्या आसपास असताना मोजलेली मतं सतरा हजारांच्याही आत का, हे यावरून कळेल. मतदान चिठ्ठीने होई. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी ते सुरू होई आणि काही दिवस चाले. 1792 मध्ये तो मंगळवार 24 तारखेला आला.

पुढची व्यवस्था आपल्याला चमत्कारिक वाटेल अशी होती. गावातले निवडणूक निरीक्षक चिठ्ठ्या गोळा करून पेटीत मोहोरबंद करत आणि काउंटीच्या शेरीफकडे देत. शेरीफ गावोगावच्या पेट्या न उघडता एका मोठ्या पेटीत घालून न्यूयॉर्क शहरात राज्याच्या सचिवांच्या कचेरीत पोचवत असे. तिथे मे महिन्याच्या अखेरीस बारा जणांची समिती, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या दोन सभागृहांतले सहा सिनेटचे आणि सहा असेंब्लीचे सदस्य, सगळ्या राज्याच्या चिठ्ठ्या मोजायची. या समितीचा निर्णय अखेरचा, त्यावर अपील नाही.

म्हणजे गावात मोजणी होतच नसे. कोणाला किती मतं पडली याचा लेखी आकडा गावात राहत नसे, काउंटीतही राहत नसे. मतदाराची चिठ्ठी न मोजताच शेकडो मैलांचा प्रवास करायची आणि त्या प्रवासात तिची कुठली नक्कल किंवा नोंद मागे नसायची. पेटी हरवली, भिजली किंवा बाद ठरली तर त्या भागाने काय ठरवलं होतं हे परत काढायचा मार्गच नव्हता. माझ्या मते या प्रकरणातली पहिली चूक कोणा माणसाची नाही, ती या रचनेची आहे.

शेरीफची नेमणूक गव्हर्नर आणि चार सिनेटर यांचं नेमणूक मंडळ करत असे, तीही वर्षावर्षाने. राज्यघटनेत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. शेरीफ असताना दुसरं पद धरता येत नसे, असंही त्यात होतं.

अडचण: तीन पेट्या

ऑट्सेगो काउंटी 1791 मध्येच तयार झाली होती. जंगल तोडून नुकत्याच वसलेल्या वस्त्या, रस्ते कच्चे, नवी माणसं. तिथे विल्यम कूपर यांचा शब्द चाले. कूपर जमिनीचे मोठे व्यवहार करणारे, काउंटीचे न्यायाधीश आणि कट्टर फेडरलिस्ट. ऑट्सेगोत जॉन जे यांना सुमारे 400 मतांची आघाडी असेल असा अंदाज बांधला जात होता. फरक 108 चा आणि अंदाज 400 चा, त्यामुळे सगळ्यांची नजर या एका पेटीवर होती.

ऑट्सेगोच्या शेरीफची वर्षाची मुदत फेब्रुवारी 1792 मध्ये संपली होती. त्याने पुढे काम करायची इच्छा नसल्याचं आधीच कळवलं होतं. मार्चच्या अखेरीस नव्या शेरीफची नेमणूक झाली, पण त्याने शपथ घेऊन कामाला सुरुवात केली ती मे महिन्यात. मतदान पार पडलं, पेट्या गोळा झाल्या, तेव्हा नवा शेरीफ नुसता नेमलेला होता. मग जुन्यानेच पेट्या ताब्यात घेतल्या आणि मे महिन्याच्या सुरुवातीला आपल्या हस्तकाबरोबर न्यूयॉर्कला रवाना केल्या. त्यातच, मधल्या काळात हा जुना शेरीफ आपल्या गावाच्या कारभारी मंडळावर निवडून येऊन तिथे बसलाही होता.

तेव्हा त्या दिवशी ऑट्सेगोचा शेरीफ होता कोण? जुन्याची मुदत संपलेली. नव्याने सूत्रं घेतलेली नाहीत. कोणीच नव्हता असं धरलं, तर पेट्या कोणीच पाठवू शकत नव्हतं, आणि मतदारांनी काहीही केलं असतं तरी त्यांची मतं मोजली जाणार नव्हती.

टायोगा ही ऑट्सेगोबरोबरच जन्मलेली काउंटी. तिथे शेरीफने पेटी आपल्या हस्तकाकडे रीतसर सोपवली. तो वाटेत आजारी पडला आणि त्याने पेटी बरोबरच्या माणसाच्या हाती पुढे पाठवली. त्या माणसाने ती नीट पोचवली, पण त्याला नेमल्याचा शेरीफचा कागद त्याच्याकडे नव्हता.

तिसरी काउंटी उत्तर टोकाची, आणि तिचं नावच क्लिंटन, गव्हर्नरसाहेबांच्या नावावरून ठेवलेलं. तिथे शेरीफने पेटी एका माणसाकडे तोंडी सांगून दिली, लेखी अधिकारपत्र दिलं नाही.

कुठल्याही पेटीची मोहोर फोडून आतल्या चिठ्ठ्या बदलल्याचं कोणी सिद्ध केलं नाही. तिन्ही ठिकाणी आक्षेप होता तो पेटी वाहून आणणाऱ्याच्या अधिकारावर.

समितीपुढचे पर्याय

समितीतले सात जण क्लिंटन यांच्या बाजूचे होते, हे आधी सांगायला हवं. न्यूयॉर्क शहरातले मेलँक्टन स्मिथ त्यांच्यापैकी एक. 1788 च्या घटनेवरच्या चर्चेत क्लिंटनपक्षाची बाजू लढवणारे तेच. उरलेल्यांत सॅम्युएल जोन्स आणि आयझॅक रूझवेल्ट यांच्यासारखी फेडरलिस्ट माणसं होती.

त्यांना तीन वाटा खुल्या होत्या. तिन्ही पेट्या मोजायच्या, कारण मतदारांनी आपलं काम केलं होतं आणि आतल्या चिठ्ठ्यांवर कोणाचा आक्षेप नव्हता. किंवा तिन्ही बाद करायच्या, कारण कायद्याने शेरीफ म्हटलं आहे आणि शेरीफ नसलेल्याच्या हातून आलेली पेटी ही पेटीच नव्हे. किंवा एकेका पेटीचा वेगळा विचार करायचा.

सदस्यांचं एकमत होईना. मग त्यांनी केंद्राच्या सिनेटमध्ये राज्यातर्फे बसणाऱ्या दोन सिनेटरांचं मत मागवलं. रुफस किंग फेडरलिस्ट होते. ॲरन बर यांचे तोवर क्लिंटनगटाशी सूर जुळू लागले होते. याच निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी स्वतः ॲरन बर यांचं नावही आधी चालवून पाहिलं गेलं होतं. आपण मत देऊ नये असं आपल्याला वाटत होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण मत दिलं.

किंग यांचं म्हणणं असं की नवा शेरीफ शपथ घेईपर्यंत जुन्यानेच काम बघायचं, ही इंग्लिश कायद्यातून आलेली जुनी रीत आहे. लोकांच्या दृष्टीने तो शेरीफच होता, त्याने केलेलं काम लोकांच्या हिताचं असेल तर ते ग्राह्य धरावं, मतदाराचा हक्क अधिकाऱ्याच्या ढिलाईने बुडू नये. ॲरन बर यांनी ऑट्सेगोच्या बाबतीत उलट मत दिलं. इंग्लिश रीत इथे लागू नाही, न्यूयॉर्कच्या घटनेत शेरीफ वर्षाचा आहे, वर्ष संपलं की त्याचा अधिकार संपला. टायोगाची पेटीही बाद करावी, क्लिंटन काउंटीची मात्र घ्यावी, असं त्यांचं मत.

समितीतल्या बहुमतवाल्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. पेटी कोणाच्याही हातून आली तरी चालेल असं एकदा म्हटलं की पेटीवर लक्ष ठेवणारं कोणी उरत नाही. गावात मोजणी नाही, दुसरी नोंद नाही, अशा व्यवस्थेत पेटी कोणाकोणाच्या हातातून गेली हीच काय ती एकमेव खात्री होती. शिवाय ऑट्सेगोत कूपर यांनी मतदारांवर दबाव टाकला, कर्जदार आणि कुळांना धमकावलं, अशा तक्रारी होत्याच. पण तसा दबाव झाला असेल तर त्याची चौकशी साक्षीपुरावे घेऊन करायची. शेरीफच्या मुदतीची तारीख धरून सगळ्या काउंटीची मतं काढून टाकणं हे त्या तक्रारीवरचं उत्तर होऊ शकत नाही. त्यात ज्याने दबावाला न जुमानता क्लिंटन यांना मत दिलं, त्याचंही मत गेलं.

निर्णय

12 जून 1792 या दिवशी समितीने निर्णय जाहीर केला. सात जणांच्या बहुमताने तिन्ही काउंट्यांची मतं बाद ठरली. चार सदस्यांनी लेखी निषेध नोंदवला. क्लिंटन 108 मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं आणि वादातल्या चिठ्ठ्या न मोजताच जाळण्यात आल्या.

इथे दोन गोष्टी नीट बघाव्यात. ज्यांचं मत मागवलं त्या दोघांनीही क्लिंटन काउंटीची पेटी घ्यावी असं सांगितलं होतं, तरी तीही बाद झाली. आपल्याच नेत्याच्या नावाच्या काउंटीची मतंही आम्ही सोडली, असं आता बहुमतवाल्यांना म्हणता येणार होतं. विरोधकांना त्यात तटस्थपणाचा देखावा दिसला. मला वाटतं, प्रत्येक पेटीचा स्वतंत्र विचार टाळून एकच निकष सरसकट लावल्याने निर्णय बाहेरून सुसंगत दिसला, पण त्यामागचा विचार अधिक लंगडा झाला.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्या जाळण्याची. निर्णय चुकीचा असला तरी चिठ्ठ्या जपून ठेवल्या असत्या, तर पुढे कोणाला तरी तो तपासता आला असता. जाळल्यामुळे ऑट्सेगोत जॉन जे यांना खरंच 400 ची आघाडी होती का, हा प्रश्न कायमचा अंदाजावर राहिला. आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही की 1792 मध्ये न्यूयॉर्कच्या लोकांनी कोणाला निवडलं होतं.

निकालानंतरचा उन्हाळा

जॉन जे तेव्हा राज्यात नव्हते. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना घोड्यावर आणि गाडीत फिरून ठिकठिकाणी न्यायालयं भरवावी लागत. ते न्यू इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. न्यूयॉर्कमधली खळबळ त्यांची पत्नी सॅरा त्यांना पत्रातून कळवत होत्या. निकाल कळल्यावर जॉन जे यांनी सॅरांना जे लिहिलं त्याचा आशय असा: थोड्याच वर्षांत आपण सगळे मातीत जाणार आहोत, आणि तेव्हा मी राज्यावर राज्य केलं की नाही यापेक्षा मी स्वतःवर ताबा ठेवला की नाही हेच माझ्या दृष्टीने मोलाचं असेल. हे पत्र त्यांनी बायकोला लिहिलं होतं, छापायला दिलं नव्हतं. म्हणून त्यातला शांतपणा मला खरा वाटतो.

बाहेर मात्र शांतता नव्हती. जॉन जे परतीच्या वाटेवर असताना आल्बनीसारख्या गावांत आणि पुढे न्यूयॉर्क शहरात त्यांचं जंगी स्वागत झालं. मेजवान्यांत त्यांचा उल्लेख लोकांनी निवडलेला गव्हर्नर म्हणून व्हायचा. सभांत ठराव होत होते, समितीतल्या सात जणांवर जाहीर आरोप होत होते. काही समर्थकांनी लोकांचं खास अधिवेशन बोलावून निकाल फिरवायची भाषा सुरू केली. गरज पडली तर बळ वापरावं, इथवर बोलणं गेलं.

हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण. अन्याय झाला आहे असं जवळजवळ अर्ध्या मतदारांना वाटतं आहे, त्यांचा नेता लोकप्रिय आहे, आणि अपील करायला जागा नाही. जॉन जे यांनी सत्काराला दिलेल्या उत्तरांत लोकांना सबुरीने घ्यायला सांगितलं. उमेदवारांबद्दल मतभेद झाले म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांतला सलोखा तुटू देऊ नका, असं त्यांचं सांगणं होतं. पडद्यामागे हॅमिल्टन यांनी जुलैमध्ये रुफस किंग यांना पत्र लिहिलं. राज्यघटनेला आणि कायद्याला ठाऊक नसलेल्या कुठल्याही मार्गाने हा निर्णय उलटवायचा प्रयत्न मला योग्य वाटत नाही आणि शहाणपणाचाही वाटत नाही, असं त्यांनी कळवलं. आज हा पायंडा आपल्या सोयीचा असेल, उद्या त्याच्या गैरवापराने आपल्यावरच पस्तावायची वेळ येईल, हे त्यांचं कारण.

पलीकडच्या गोटातही अस्वस्थता होती. क्लिंटन हे केंद्राचे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांच्या विचारांच्या जवळचे. तरी जेफर्सन यांनी जूनमध्येच जेम्स मन्रो यांना लिहिलं की पात्र मतदारांचं बहुमत बहुधा जॉन जे यांच्या बाजूने होतं. क्लिंटन यांनी पद नाकारून पुन्हा निवडणुकीला तयारी दाखवली असती तर त्यांचा मान वाढला असता, आणि नव्या निवडणुकीत ते बहुधा जिंकलेही असते. बहुमत विरुद्ध असण्याची शक्यता असताना पद धरून ठेवणं शोभत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आपल्याच बाजूच्या माणसाबद्दल इतकं उघड मत तेव्हाही सहसा कोणी देत नसे. क्लिंटन यांनी मात्र पद स्वीकारलं आणि कारभार सुरू केला.

चौकशी

विरोधकांनी उरलेला कायदेशीर मार्ग धरला. नोव्हेंबर 1792 मध्ये असेंब्लीपुढे तक्रारअर्ज आले आणि साक्षी सुरू झाल्या. ॲरन बर यांनी या काळात बरीच धावपळ करून दुसऱ्या राज्यांतल्या नामांकित वकिलांकडून आपल्या बाजूची लेखी मतं गोळा केली. जानेवारी 1793 मध्ये असेंब्लीने बहुमताने ठराव केला की समितीच्या सदस्यांनी भ्रष्ट किंवा दुष्ट हेतूने काही केलेलं नाही. विल्यम कूपर यांच्याविरुद्धही मतदारांना धमकावल्याच्या तक्रारी सभागृहापुढे आल्या. त्यांच्यावरही कारवाई झाली नाही.

थोडक्यात, दोन्ही बाजू सुटल्या. मतं मात्र कोणाला परत मिळाली नाहीत.

परिणाम

1792 च्या अखेरीस उपाध्यक्षपदासाठी जॉन ॲडम्स यांच्याविरुद्ध क्लिंटन यांचं नाव पुढे आलं. त्यांना 50 मतं मिळाली, ॲडम्स यांना 77. ऑट्सेगोचा डाग तेव्हा ताजा होता आणि विरोधकांनी तो वापरला. 1795 मध्ये क्लिंटन गव्हर्नरपदासाठी उभेच राहिले नाहीत. जॉन जे तेव्हा ब्रिटनशी तह करायला इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच रॉबर्ट येट्स यांना सहज हरवून निवडून आले. हा तह लोकांत कमालीचा अप्रिय ठरला, पण त्याचा मजकूर फुटण्याआधी न्यूयॉर्कचं मतदान होऊन गेलं होतं. गव्हर्नर म्हणून 1799 मध्ये त्यांनी गुलामांच्या टप्प्याटप्प्याने मुक्ततेच्या कायद्यावर सही केली, म्हणजे 1792 मध्ये ज्या मतामुळे त्यांची मतं कमी झाली तेच शेवटी कायद्यात आलं.

1792 च्या उन्हाळ्यातल्या संयमाची परीक्षा आठ वर्षांनी पुन्हा झाली. 1800 च्या वसंतात न्यूयॉर्कच्या विधिमंडळाची निवडणूक जेफर्सन यांच्या पक्षाने जिंकली. अध्यक्षपदासाठीची राज्याची मतं विधिमंडळ ठरवत असे, आणि ती आता जेफर्सन यांना जाणार हे उघड झालं. तेव्हा हॅमिल्टन यांनीच गव्हर्नर जॉन जे यांना लिहिलं की मावळत्या विधिमंडळाचं अधिवेशन ताबडतोब बोलवा आणि निवडीची पद्धत बदलून टाका. 1792 मध्ये पायंड्याची भीती घालणारा हाच माणूस. जॉन जे यांनी पत्राला उत्तर दिलं नाही. पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेला हा उपाय आपल्याला शोभणारा नाही, अशी टीप त्यांनी पत्रावर लिहून ते बाजूला ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात सोपा उपाय गावातच होता. मतदान संपल्यावर निरीक्षकांनी तिथेच, लोकांसमोर मतं मोजून आकड्याची एक सही केलेली प्रत गावाच्या दप्तरात ठेवली असती, तर पेटी कोणी वाहिली याला एवढं महत्त्वच आलं नसतं. हे काही नंतर सुचणारं शहाणपण नाही. दूरच्या नव्या काउंट्यांमधून पेट्या शेकडो मैल येतात, वाटेत माणूस आजारी पडू शकतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत असायलाच हवं होतं.

शेरीफच्या नेमणुकीचं वेळापत्रकही निवडणुकीच्या तोंडावर येत होतं. मुदत फेब्रुवारीत संपते आणि मतदान एप्रिलमध्ये होतं. मधली पोकळी कोणी भरायची हे कायद्यात एका ओळीत लिहिता आलं असतं. आणि नेमणूक करणाऱ्या मंडळावर खुद्द उमेदवार गव्हर्नर बसलेला असताना नेमणुकीतल्या उशिराचा तोटा मतदारांनी सोसावा, हे मला पटत नाही. सरकारच्या कामात ढिलाई झाली तर तिचा फायदा सरकारात बसलेल्याला मिळू नये, एवढी काळजी समितीने घ्यायला हवी होती.

मत मागवायचंच होतं तर ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडून मागवता आलं असतं. दोन राजकीय सिनेटरांना विचारल्यावर दोन राजकीय उत्तरं आली, आणि ज्याला जे हवं होतं त्याने ते उचललं. समितीची रचनाही अशीच. विधिमंडळातलं बहुमत जसंच्या तसं मोजणीच्या टेबलावर उतरत होतं. साध्या निवडणुकीत हे चालून गेलं. फरक 108 वर आला तेव्हा सात जणांच्या हातात गव्हर्नर निवडायची ताकद गेली.

क्लिंटन यांना मात्र जेफर्सन म्हणत होते तितकी सोपी वाट नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी पद नाकारलं असतं तर कारभार लेफ्टनंट गव्हर्नर पिअर व्हॅन कोर्टलँड यांच्याकडे गेला असता, आणि तेही त्याच मोजणीत, त्याच तीन काउंट्या वगळून निवडून आले होते. पुन्हा निवडणूक घ्यायची तर विधिमंडळाने वेगळा कायदा करावा लागला असता. विधिमंडळात क्लिंटन यांचा जोर होता. असा कायदा मागायची ताकद 1792 च्या जूनमध्ये राज्यात एकट्या त्यांच्याकडेच होती, आणि त्यांनी तो मागितला नाही.